ऋतुजाच्या पिस्तुलात कुणी काय घातलं?

आता माझ्याच अकलेचे वाभाडे माझ्याच तोंडानं काय काढू तुमच्यापुढे! पण काढतेच. कारण आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांना यातलं निम्मं माहीत आहे, आणि उरलेलं निम्मं त्यांनी आपापल्या मनानं शिवून जोडलंय. ते उसवायचं कुणी? मीच ना! तर चहा घ्या हातात. आणि तोंडातला घोट आधी गिळा, मग ऐका.

डिसेंबरातली गोष्ट. गुरुवारची सकाळ. नाशिकची थंडी काय असते ते तुम्हाला सांगायला नको. अंगावर स्वेटर, स्वेटरवर शाल, आणि तरी दात आपले टाळ वाजवतायत. मी गिरणीत डबा ठेवून रांगेत उभी. माझ्या पुढे बी विंगमधल्या दोघी. एकीचं तोंड दुसरीच्या कानाला लागलेलं. आता मी काही मुद्दाम ऐकत नाही हो! पण देवानं माझे कान जरा पुढे ओढून बसवलेत, त्याला मी काय करू?

"अगं, त्या ए विंगमधल्या ऋतुजाच्या पिस्तुलात कुणीतरी काहीतरी घातलंय म्हणे. आणि घालणारं माणूस बाहेरचं नाही बरं का, आपल्याच बिल्डिंगमधलं. ते म्हणजे..."

घर्रर्रर्र! गिरणीवाल्यानं नेमकी तेव्हाच कुणाची तरी बाजरी टाकली. पुढचं वाक्य गेलं पिठात.

गिरणी थांबेपर्यंत दोघी आपापले डबे घेऊन निघूनही गेल्या. आता सांगा, अशी अर्धी बातमी घेऊन माणसानं घरी जायचं कसं? मला तर पोटात दुखायला लागलं.

ऋतुजा म्हणजे माझ्या समोरच्या दाराची पोर. बावीस वर्षांची, एम.कॉम. करते, आणि नेमबाजी खेळते. पिस्तूल म्हटल्यावर दचकू नका. रीतसर परवान्याचं, खेळाचं पिस्तूल. मूठ लाकडाची, हाताच्या मापानं कोरलेली. घरात लोखंडी पेटीत कुलपात असतं, आणि गोळ्या वेगळ्या कुलपात. पंचवीस मीटरवरच्या कागदी गोलावर नेम धरायचा. मागच्या वर्षी राज्याच्या संघात जायची तिची संधी एका गुणानं हुकली होती. एका! यंदाची निवड चाचणी इथेच नाशिकला, येत्या रविवारी. चार वर्षं पोरगी या एका दिवसासाठी पहाटे उठत होती. आणि तिच्या पिस्तुलात कुणीतरी काहीतरी घालतं? आमच्या बिल्डिंगमधलं माणूस? माझं रक्त असं उसळलं की थंडी पळाली.

घरी आले, गाजराचा हलवा वाटीत काढला आणि समोरचं दार वाजवलं. रिकाम्या हाती चौकशीला गेलं तर लोक भोचक म्हणतात. वाटी घेऊन गेलं की तोच शेजारधर्म होतो.

दार ऋतुजाच्या आईनं उघडलं. वैशाली. गरीब बाई, कुणाला वर आवाज करून बोलणार नाही.

"वैशाली, हलवा आणलाय. ऋतूला आवडतो ना?"

"ताई, दोन दिवस धड जेवलीच नाहीये ती."

"अगं बाई! का गं?" मी चेहरा असा केला की जशी काही मी आत्ताच या पृथ्वीवर उतरलेय. हा चेहरा मला फार छान जमतो.

तेवढ्यात ऋतुजाच नेमबाजीच्या रेंजवरून आली. नाक लाल, डोळे लाल. मला बघून तिचा बांध फुटला.

"काकू, पहिली गोळी नीट सुटते. मग बोल्ट पूर्ण मागे जातच नाही. रिकामी पुंगळी तिथंच अडकून बसते आणि दुसरी गोळी आत येत नाही."

"बोल्ट म्हणजे कोणता गं?"

तिनं बिचारीनं रडत रडत समजावून सांगितलं. गोळी सुटली की आतला एक लोखंडी तुकडा झटक्यानं मागे जातो आणि रिकामी पुंगळी बाहेर फेकतो. पुढे येताना खालच्या मॅगझिनमधली नवी गोळी आत ढकलतो. सगळं आपोआप, डोळ्याची पापणी लवायच्या आत.

"म्हणजे आपल्या शिलाई मशीनच्या शटलसारखं!" मी म्हटलं. सांगायचं राहिलंच, आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर दोन नंबरच्या गाळ्यात माझं पिको-फॉलचं दुकान आहे. शिक्षण माझं नववीपर्यंतच, पण मशीन म्हणाल तर डोळे बांधून खोलीन आणि डोळे बांधून जोडीन. बावीस वर्षं तेच करतेय.

"सगळं करून बघितलं, काकू. गोळ्या बदलल्या. मॅगझिन दुसरं लावलं. कोच सरांनी स्प्रिंग बदलली. नळी साफ केली. आणि वैताग म्हणजे, दुपारी नीट चालतं! काल दीड वाजता चाळीस गोळ्या मारल्या, एकदाही अडकलं नाही. आज सकाळी साडेसातला पुन्हा तेच."

"मग रविवारी दुपारीच मार की!"

"चाचणी सकाळी आठला आहे, काकू." आणि ती आत जाऊन दार लावून बसली.

वैशाली हळूच म्हणाली, "एखाददुसऱ्या वेळी अडकलं तर पंच समजून घेतात म्हणे. पण सारखंच अडकलं तर ते नेम शून्यातच धरतात. सर विचारत होते, घरात कुणी हात लावला होता का म्हणून. शनिवारी घरी येऊन खोलूनच बघणार आहेत."

झालं! म्हणजे बातमी खरी!

घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं. हे उन्हाचा तुकडा शोधून त्यात खुर्ची टाकून बसले होते. पेपरातून मान न काढता म्हणाले, "थंडीनं आखडलं असेल. माझे गुडघे नाही का, सकाळी अडकतात, दुपारी चालतात."

"तुमच्या गुडघ्यांना कुणी वैरी नाही," मी म्हटलं. "इथे कुणीतरी मुद्दाम केलंय."

"कुणी?"

तेच तर शोधायचं होतं! आणि मला फार शोधावं लागलंच नाही. हातातली मेथी निवडून होईपर्यंत माणूस सापडला. आमचे सेक्रेटरी, कापडणीस भाऊ.

आता तुम्हीच न्याय करा. एक, गेल्या सभेत याच माणसानं विचारलं होतं, "राहत्या बिल्डिंगमधी हत्यार कशाला पाहिजे?" दोन, पंधरा दिवसांपूर्वी हेच भाऊ वैशालीच्या बाथरूमची गळती बघायला गेले होते. मी माझ्या दाराच्या भिंगातून बघितलंय, आत गेले ते बावीस मिनिटांनी बाहेर आले. गळती बघायला बावीस मिनिटं लागतात का हो? गळती काय, थेंब मोजत बसले होते का? आणि तीन, रोज पहाटे ऋतुजा पिस्तुलाची बॅग घेऊन जिना उतरते, त्याच वेळी हा गृहस्थ माकडटोपी घालून फिरायला निघतो. सकाळी पिस्तूल अडकतं, आणि सकाळीच हा फिरतो!

पेटीला कुलूप होतं, हे खरं. पण सेक्रेटरीकडे सगळ्या चाव्या असतात की! (गच्चीची आणि पाण्याच्या मोटारीची. पण एवढा बारीक विचार तेव्हा कुठला सुचायला!)

मी कुणाला काही सांगितलं नाही. फक्त दुकानात साड्या न्यायला आल्या त्या तिघींना सांगितलं. तेही "कुणाला बोलू नका" असं बजावून. आणि बोलले तरी किती? एवढंच, की भाऊंनी काहीतरी घातलेलं असू शकतं, नाही का?

गुरुवारी दुपारी बारा वाजता माझ्या दुकानातून "असू शकतं" निघालं. संध्याकाळी सहाला बी विंगमधली एक साडीच्या काठाला बिडिंग करून घ्यायला आली आणि काउंटरवर वाकून म्हणाली, "सुमनताई, तुम्हाला कळलं का? सेक्रेटरीनं पोरीच्या पिस्तुलात डिंक ओतला! त्याची भाची दुसऱ्या क्लबमध्ये खेळते ना, तिचा नंबर लागावा म्हणून!"

मी सुई खाली ठेवली. अंगावर काटा आला. भाचीपण सामील! म्हणजे माझा संशय अगदी बरोबर होता. बघा, मी सोडून आणखी कुणालातरी तेच कळलं होतं! आपणच सोडलेलं पाखरू गावभर फिरून, दाणापाणी खाऊन, गुबगुबीत होऊन परत आपल्याच खिडकीत बसलंय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

शुक्रवारी तर बघायलाच नको. भाऊ लिफ्टमध्ये शिरले की आतल्या बायका बाहेर. भाऊ भाजीच्या गाडीपाशी गेले की तिथली रांग पाठमोरी. दुपारी ते माझ्या दुकानाशी येऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला.

"वहिनी, एक विचारू का? सगळ्या बायका माझ्याकडं अशा काय बघू राहिल्या?"

"मला काय माहीत भाऊ. मी आपली खाली मान घालून पिको करते."

"काल कोणीतरी बोललं, माझी भाची दुसऱ्या क्लबमधी नेम धरती. वहिनी, मला बहीणच नाय! भाची कुठून आली?"

इथे मी जरा गडबडले. खरं सांगते, मशीनवरचा पाय घसरला. पण म्हटलं, चुलत असेल.

"उद्या सकाळी ते सर येऊ राहिले ना पिस्तूल खोलायला? मी तिथं बसणार. माझ्यादेखत खोलायचं. काय निघंल ते निघंल. वीस वर्षं या बिल्डिंगचं पाणी सोडू राहिलो मी, वहिनी. कोणाच्या पोरीचं वाईट करीन का?"

"मग मीपण येते," मी म्हटलं. "मशीनचं मला कळतं." मनात म्हटलं, बरा सापडलास!

शनिवारी सकाळी आठ वाजता वैशालीच्या हॉलमध्ये आम्ही पाच जण. वैशाली, ऋतुजा, मी, कापडणीस भाऊ माकडटोपीसकट, आणि ऋतुजाचे गांगुर्डे सर. बारीक अंगाचा माणूस, आवाज मऊ, पण बोलला की ऐकावंच लागतं. टीपॉयवर पेपर अंथरला. मॅगझिन काढून बाजूला ठेवलं. पिस्तूल भिंतीकडे तोंड करून धरलं आणि आत गोळी नाही ना ते दोनदा बघितलं. मग ऋतुजाला बघायला लावलं.

"कुणीही हात लावायचा नाही," सर म्हणाले. "आणि एक सांगून ठेवतो. परदेशी बनावटीचं आहे. मी आजवर हे पूर्ण खोललेलं नाही. चाचणी तोंडावर असताना खोलू नये, कारण नीट बसलं नाही तर उद्या ऋतुजा मैदानातच उतरू शकणार नाही. पण आता दुसरा इलाज उरला नाही."

ऋतुजानं आईचा हात धरला. मी वैशालीचा धरला. भाऊंनी टोपीचा गोंडा धरला.

एक स्क्रू. दुसरा स्क्रू. एक खीळ. बोल्ट हळूहळू मागे ओढला, आणि सर एकदम थांबले.

"हे काय आहे?"

आतल्या खाचेत काहीतरी साचलं होतं. पांढरट, गुलाबीसर, घट्ट.

"मेण!" मी ओरडले. "बघितलंत? मेण घातलंय! मी काय म्हणत होते?"

"मन्हा काय संबंध शे!" भाऊ ताडकन उठले. भाऊ चिडले की बोलत बोलत थेट गावच्या अहिराणीत, सटाण्याला पोचतात. "देवाशप्पथ सांगतो, मन्हा काय संबंध शे!"

"थांबा थांबा," सर म्हणाले. काडीच्या टोकावर त्यांनी थोडंसं काढलं. "मेण वाटत नाही. ग्रीसही नाही. आणि हे गुलाबी काय?"

आता माझ्यातली कारागीर बाई गप्प बसेल का? "द्या इकडे," म्हणाले. काडीवरचं चिमूटभर बोटावर घेतलं. दोन बोटांत चोळलं. क्षणात विरघळलं! नाकाशी नेलं. आणि मग काय सांगू, असा उजेड पडला डोक्यात!

"सर! हे खोबरेल तेल आहे!"

"खोबरेल?"

"शंभर टक्के! दर थंडीत माझ्याकडे अशी मशीनं येतात. बायका हौसेनं खोबरेल घालतात. दसऱ्या-दिवाळीत मशीन कसं लोण्यासारखं चालतं. थंडी पडली की तेल गोठतं आणि चाक फिरत नाही. उन्हात नेऊन ठेवा, पुन्हा सुरू! म्हणून हे सकाळी अडकतं आणि दुपारी चालतं! बोल्टाला मागे जायला जागाच नाही, सर. पुंगळी बाहेर पडणार कुठून?"

सर माझ्याकडे बघतच राहिले. "काकू, कमाल आहे. आठ दिवस मी स्प्रिंगा बदलत बसलो. मला हे सुचलं नाही."

ऋतुजा माझ्या गळ्यातच पडली. वैशालीच्या डोळ्यांत पाणी. भाऊसुद्धा माझ्याकडे जरा आदरानं बघायला लागले. आणि मी? मी अशी फुगले, अशी फुगले की शालीची गाठ सुटली. आता थांबावं ना माणसानं? पण नाही!

"बावीस वर्षं घसा कोरडा करून सांगतेय," मी हात नाचवत म्हटलं, "लोखंडाच्या नाजूक कामाला खोबरेल लावू नका! कोण अडाणी बाई असेल ती! अक्कल काय गहाण टाकली होती का? असल्या माणसाला ना, भर सोसायटीच्या सभेत उभं करून विचारलं पाहिजे!"

"आणि गुलाबी?" सरांनी विचारलं.

"ते? ते तर कुंकू! खोबरेलात कालवलेलं कुंकू. कोरडं कुंकू लोखंडाला धरत नाही ना, गळून पडतं. म्हणून खंडेनवमीला मी नेहमी..."

आणि वाक्य माझ्या घशातच अडकलं. पुंगळीसारखं.

वैशाली फरशीकडे बघायला लागली. बिचारीला माझ्या वतीनं लाज वाटत होती. ऋतुजाचं तोंड उघडंच. सर काडीकडे बघतायत, मग माझ्या बोटांकडे, मग पुन्हा काडीकडे.

कापडणीस भाऊंनी माकडटोपी काढली. नीट घडी घालून मांडीवर ठेवली. आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "वहिनी, बोला ना. खंडेनवमीला तुम्ही नेहमी काय करता?"

काय करते? सांगते की! आता लपवून काय उपयोग?

नवरात्रातल्या खंडेनवमीला घरोघरी हत्यारांची, अवजारांची पूजा असते. मी माझ्या मशीनांची करते, कात्र्यांची करते. हे त्यांच्या पान्यांची करतात. ऋतुजाच्या घरी पाटावर पिस्तूल मांडलं होतं, रिकामं, शेजारी झेंडूची दोन फुलं. वैशालीनं लांबूनच अक्षता टाकल्या आणि हात जोडले. झाली पूजा! मला ते काही पटलं नाही. अहो, पोरीचं हत्यार, वर्षाचा सण, आणि नुसती फुलं? मी घरात गेले, वाटीत कुंकू खोबरेलात कालवून आणलं आणि पिस्तुलावर बोटानं छान स्वस्तिक काढलं. मग वाटीत थोडं उरलं. देवाचं उरलेलं टाकायचं कसं? वरच्या बाजूला एक फट दिसली. म्हटलं, आतसुद्धा देव असेलच की! त्या फटीत दोन थेंब सोडले. दोन का, चार असतील. आणि माझ्या मशीनांना? त्यांना मशीनचंच तेल घातलं हो! ते मला कळतं. पण पिस्तुलाला ते घासलेटाच्या वासाचं तेल कसं लावायचं? पिस्तूल परक्या घरचं नाही का, पाहुण्यासारखं. पाहुण्याला आपण चांगलंच वाढतो.

त्यानंतर पोरीची परीक्षा आली, मग मनगट मुरगळलं. बाहेरून फडक्यानं पुसून पिस्तूल जे पेटीत गेलं, ते दीड-दोन महिने तिथंच राहिलं. डिसेंबरात बाहेर काढलं तेव्हा माझी भक्ती आत गोठून बसली होती.

"ऋतू..." मी म्हटलं. एका गुणानं हुकलेली ती पोर, चार वर्षं पहाटे उठणारी, आणि तिच्या बोल्टाच्या वाटेत मी आडवी पडलेय! मला खरंच रडू फुटलं. पदर डोळ्याला लावून मी ओक्साबोक्शी रडले.

ऋतुजा आधी रडली. मग हसली. मग दोन्ही एकदम. "काकू, अहो, रडू नका. सापडलं ना! आता साफ होईल!"

"मी मशीनचं तेल आणू का खालून? पातळ असतं, चांगलं..."

"काकू," सर मऊ आवाजात म्हणाले, "तुम्ही फक्त बसा. दोन्ही हात मांडीवर ठेवून."

मी बसले. दोन्ही हात मांडीवर ठेवून. शाळा सोडल्यापासून पहिल्यांदाच.

सरांनी प्रत्येक तुकडा धुतला, पुसला, खाच काडीनं कोरून काढली. त्यांच्या जवळच्या बाटलीतला एक थेंब, एकच, लावला. मग जोडायला घेतलं. एक खीळ काही केल्या बसेना. ऋतुजा श्वास रोखून उभी. तिसऱ्यांदा बसली. सरांनी बोल्ट ओढून सोडला. खट्! पुन्हा ओढला. खट्! इतका गोड आवाज मी माझ्या नव्या मशीनचासुद्धा ऐकला नव्हता. दोघं तडक रेंजवर गेले, आणि तासाभरानं वैशालीचा फोन वाजला. सकाळच्याच थंडीत पन्नास गोळ्या. एकदाही अडकलं नाही.

रविवारी मी दुकान उघडलं नाही. देवापुढे बसले. कुंकवाच्या करंड्याकडे बघायचीही हिंमत होईना. अकरा वाजले, बारा वाजले. साडेबाराला वैशाली माझ्या दारात. डोळे पाण्यानं भरलेले. मला वाटलं, संपलं सगळं. मग तिनं माझे दोन्ही दंड धरून मला गदागदा हलवलं.

"झाली ताई! निवड झाली! दुसरी आली!"

मी जी रडले, की आमचे हे उन्हातली खुर्ची सोडून धावत आले. गुडघ्यांसकट.

आता राहिले कापडणीस भाऊ. त्यांचं नाव मीच घाण केलं होतं, तर मीच धुवायला हवं. दोन्ही विंग, प्रत्येक मजला, दार वाजवून खरं सांगत फिरले. "अहो, भाऊंचा काही संबंध नाही. ते मी घातलं होतं. मी!" लोकांचं काय म्हणणं असेल सांगा? एक म्हणाली, "किती मोठं मन तुमचं, सुमनताई! दुसऱ्याचा आळ अंगावर घेता." दुसरीनं दार लोटून हळूच विचारलं, "सेक्रेटरीनं धमकी दिली का हो?" तिसरीला भाचीचं वाईट वाटत होतं. तिला म्हणे आता क्लबातून काढलं!

खोटं सांगितलं तेव्हा सहा तासांत सगळ्यांना पटलं. खरं सांगायला दोन दिवस जिने चढले, तर एकालाही पटेना!

शेवटी पेढे घेऊन भाऊंच्या दारात गेले. पाय धरायचेच बाकी ठेवले. म्हटलं, "भाऊ, माझं कुणी ऐकत नाही. तुम्हीच सांगा आता काय करू."

भाऊंनी एक पेढा खाल्ला. विचार करत दुसरा खाल्ला. "रडू नका, वहिनी. तुमच्या हातून पोरीचं वाईट व्हावं असं तुमच्या मनात होतं का? नाय ना? मंग झालं. बाकीचं मी बघून घेतो. लेखी काढतो."

मला वाटलं, देवमाणूस! दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारच्या फळ्यावर सोसायटीच्या शिक्क्यासह कागद लागला. तो मला आता तोंडपाठ आहे.

"सर्व सभासदांस कळविण्यात येते की, कु. ऋतुजा हिच्या पिस्तुलात आपल्याच इमारतीतील व्यक्तीने पदार्थ घातला, ही बातमी खरी आहे. वैराने घातला, हा भाग खोटा आहे. पदार्थ खोबरेल तेल व कुंकू. सेक्रेटरी यांना बहीण नाही, याची नोंद घ्यावी. सदर व्यक्तीचे नाव जाणून घ्यायचे असल्यास गाळा क्र. २, पिको-फॉल, सकाळी दहा ते एक या वेळेत समक्ष चौकशी करावी."

आणि आले हो लोक! दहाच्या ठोक्याला मी दुकानाचं शटर वर केलं, तर पहिला माणूस आधीच पायरीवर उभा. हातात चहाचा कप, चेहरा अतिशय गंभीर. आमचे हे!

म्हणाले, "ताई, फळ्यावर वाचलं. ते नाव जरा सांगता का?"